इंटरनेट रेडिओचे अडखळणे आणि ‘वेगवान प्लॅन’चा सल्ला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती इंटरनेटविषयी जो लेख आला, त्यात ‘गाणी किंवा रेडिओ मध्येच थांबत असल्यास अधिक वेगाचा प्लॅन घ्यावा’ असे एका वाक्यात सांगून लेखक पुढच्या विषयाकडे वळले आहेत. चित्रपट पाहणाऱ्यांच्या बाबतीत तो सल्ला कदाचित लागू पडत असेल. इंटरनेट रेडिओच्या बाबतीत मात्र तो बहुतेक वेळा चुकतो, आणि तो मानून दरमहा जास्तीचे पैसे भरणाऱ्यांत मीही एक होते, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे, परंतु ज्या वाचकांच्या घरी हाच त्रास आहे त्यांना त्यातील तपशिलाचा उपयोग होईल, असे वाटल्यावरून ते न छाटता पाठवीत आहे.

मी मिरजेत राहते. दूरध्वनी खात्यात एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली शेवटची बरीच वर्षे एक्स्चेंजमधल्या टेस्ट डेस्कवर गेली. मुलाने तीन वर्षांपूर्वी मला नेटवर्क स्ट्रीमर आणून दिला. जुन्या अँप्लिफायरला जोडायची ही एक चपटी पेटी असते. ती घरच्या वाय-फायवरून इंटरनेटवरील रेडिओ केंद्र पकडते आणि आपल्या स्पीकरवर ऐकवते. पहाटे आकाशवाणीची ‘रागम’, जी २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देत आहे. दुपारी स्वयंपाकघर आवरताना फ्रान्सचे ‘फिप’. रात्री ‘रेडिओ स्विस क्लासिक’. आणि मुलाच्या आग्रहाखातर कधीतरी कॅलिफोर्नियातून चालणारे ‘रेडिओ पॅराडाइज’, असा माझा क्रम आहे. सतारीच्या गावात राहून परदेशी रेडिओ कशाला ऐकता, असे विचारणारे शेजारी आहेत, पण तो वाद इथे नको.

गेल्या वर्षी मार्च महिन्यापासून रेडिओ अडखळू लागला. विलंबित ख्यालात गायक मींडेवरून खाली येत असावा आणि नेमका तिथेच आवाज तुटावा, तीन-चार सेकंदांनी पुन्हा सुरू व्हावा, कधी सुरूच होऊ नये. तक्रार नोंदवल्यावर सेवादात्या कंपनीचा मुलगा आला, त्याने मोबाइलवर वेग मोजून ९४ एमबीपीएस हा आकडा दाखवला आणि ‘मॅडम, स्पीड एकदम ओके आहे, तरी थांबत असेल तर दोनशेचा प्लॅन घ्या’ असे सांगून गेला. मी तो घेतला. महिनाभरात तिळमात्र फरक पडला नाही, तेव्हा टेस्ट डेस्कवरची माझी जुनी सवय जागी झाली आणि मी वहीपेन्सिल घेऊन बसले.

प्रथम साधा हिशेब पाहावा. रेडिओचे नेहमीचे प्रक्षेपण १२८ केबीपीएस दराने येते, म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट. उत्तम दर्जाचे ३२० केबीपीएसचे प्रक्षेपण घेतले, तरी ते १०० एमबीपीएसच्या जोडणीच्या तीनशेव्या भागाहून कमी जागा घेते. ज्या रस्त्यावरून तीनशे गाड्या शेजारी शेजारी जाऊ शकतात, त्यावर एक गाडी अडकत असेल, तर रस्ता सहाशे गाड्यांचा करून ती सुटणार नाही, एवढे कळायला अभियंता असण्याची गरज नाही.

मग रेडिओच का अडतो? माझा स्ट्रीमर फरमाइशी गाण्यांच्या सेवेवरून तासन्‌तास बिनतक्रार वाजत असे, आणि त्याच वाय-फायवर, त्याच खोलीत रेडिओ मात्र तुटत असे. या कोड्याचे उत्तर साठवणीत आहे. ध्वनिमुद्रित गाणे ही आधीच तयार असलेली फाइल असते. पेटी ती आपल्या सोयीने भराभर उतरवून घेते आणि सावकाश वाजवते. सकाळी पाणी आले की टाकी भरून ठेवावी आणि दिवसभर वापरावी, तसा हा प्रकार आहे; दुपारी अर्धा तास नळ बंद झाला तरी घरात कोणाला पत्ता लागत नाही. थेट रेडिओचे तसे नसते. केंद्रावर जे या क्षणी वाजत आहे तेच येणार, आणि ज्या गतीने वाजत आहे त्याच गतीने येणार. पुढचे गाणे अजून वाजलेलेच नाही, ते आधी भरून ठेवणार कसे? त्यामुळे बफर नावाच्या त्या टाकीत सुरुवातीला जेवढे साठले, तेवढ्याच शिलकीवर पुढचा सगळा वेळ काढावा लागतो.

ही शिलक किती असते हे कळल्यावर मी थक्क झाले. अनेक केंद्रे ज्या ‘आइसकास्ट’ प्रणालीवर चालतात, तिची मूळ मांडणी अशी आहे की श्रोता जोडला गेला की त्याला ६४ किलोबाइट एवढा मजकूर एकदम पाठवायचा आणि नंतर घड्याळाच्या गतीने पुरवत राहायचे. १२८ केबीपीएसच्या प्रक्षेपणात ६४ किलोबाइट म्हणजे चार सेकंद. ३२० केबीपीएसमध्ये तेच ६४ किलोबाइट दीड सेकंदच पुरतात, आणि फ्लॅक या अव्वल दर्जाच्या, साधारण ९०० केबीपीएसच्या प्रक्षेपणात अर्ध्या सेकंदाहून थोडे जास्त. म्हणजे श्रोता जितका हौशी, तितकी त्याची शिलक कमी. उत्तम आवाजासाठी वरचा दर्जा निवडणाऱ्यांचा रेडिओ अधिक अडखळतो, यात त्यांच्या उपकरणाचा दोष असेलच असे नाही. काही केंद्रे अर्थात जास्त मजकूर आधी पाठवतात, आणि काही पेट्या वाजायला लागण्यापूर्वी मुद्दाम आठ-दहा सेकंद थांबून साठा करतात. ज्या पेटीत हा थांबण्याचा काळ वाढवण्याची सोय असेल, त्या पेटीच्या मालकाने ती आधी वापरून पाहावी.

आता चार सेकंदांची शिलक संपण्यासारखे वाटेत काय घडते? इंटरनेटवरचा मजकूर पाकिटांनी येतो. एखादे पाकीट हरवले तर पाठवणारा ते पुन्हा पाठवतो, पण ते हरवल्याचे त्याला कळेपर्यंत वेळ जातो. केंद्र मुंबईत असेल तर हा निरोप जाऊन येण्याचा काळ नगण्य असतो. कॅलिफोर्नियात असेल तर पाव सेकंद सहज लागतो. दुसऱ्यांदा पाठवलेले पाकीटही हरवले, तर पाठवणारा समजतो की वाटेत गर्दी झाली आहे, आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी दुप्पट थांबतो, त्यानंतर त्याच्या दुप्पट. एक, दोन, चार सेकंद अशी ही चढण एकदा सुरू झाली की चार सेकंदांची टाकी कोरडी पडायला वेळ लागत नाही. या काळात केंद्राकडचा सर्व्हर तुमच्या वाटणीचा मजकूर धरून ठेवतो, पण त्यालाही मर्यादा आहे. आइसकास्टच्या मूळ मांडणीत ती ५१२ किलोबाइटची, म्हणजे १२८ केबीपीएसच्या हिशेबाने बत्तीस सेकंदांची आहे. त्याहून जास्त मागे पडलेल्या श्रोत्याला सर्व्हर सरळ काढून टाकतो. म्हणून मी वहीत दोन वेगळ्या खुणा ठेवल्या: क्षणभर थांबून आपोआप सुरू झाला तर फुली, आणि कायमचा गप्प झाला, हाताने पुन्हा लावावा लागला तर गोल. फुल्या आणि गोल यांची कारणे बरेचदा वेगळी असतात.

वेग मोजणारे ॲप हे दुखणे का दाखवत नाही, तेही इथेच समजते. ते ॲप सहसा जवळच्या शहरातल्या सर्व्हरशी, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून, दहा-पंधरा सेकंदांची सरासरी काढते. शंभरातली दोन पाकिटे हरवली तरी बाकीच्या जोडण्या ती उणीव भरून काढतात आणि आकडा ९४ येतो. रेडिओची जोडणी एकटी असते, लांबची असते आणि तासन्‌तास चालायची असते. मोजमाप एका गोष्टीचे आणि तक्रार दुसऱ्याच गोष्टीची, अशी ही गत आहे.

टेस्ट डेस्कवर आम्हाला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवत. तक्रार आली की एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या तारा आणि आतले यंत्र जिथे एकमेकांना जोडलेले असतात त्या चौकटीवर, ती जोडणी सोडवायची आणि दोष आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे आधी ठरवायचे. त्याशिवाय लाइनमनला खांबावर चढवायचे नाही. घरच्या नेटवर्कलाही अशीच चौकट आहे, आणि ती म्हणजे राउटर. त्याच्या अलीकडे आपले घर, पलीकडे कंपनी आणि जग. मी लॅपटॉपवर पिंगचा, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटे पाकीट पाठवून उत्तर येते का ते पाहण्याचा, आदेश दोन खिडक्यांत लावला: एका खिडकीत घरचा राउटर, दुसरीत बाहेरचा ८.८.८.८ हा पत्ता. ज्या वेळी रेडिओ तुटेल त्या वेळी कोणत्या खिडकीत उत्तरे थांबतात, ते बघायचे. लॅपटॉप मात्र स्ट्रीमरच्या शेजारीच, त्याच वाय-फायवर ठेवावा. दुसऱ्या खोलीत राउटरला चिकटून बसून केलेली चाचणी व्यर्थ आहे.

पहिल्या तीन दिवसांत स्पष्ट झाले की माझ्याकडे एक नव्हे, दोन दोष आहेत. बऱ्याच फुल्यांच्या वेळी राउटरकडूनच उत्तर येत नव्हते, म्हणजे दोष घरात होता. राउटर आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे, स्ट्रीमर बाहेरच्या खोलीत, मध्ये जुनी दगडी भिंत. आणि स्ट्रीमर बोलत होता २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर, जिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. फोनवर एक फुकटचे ॲप घेऊन पाहिले तर आमच्या गल्लीतले सात राउटर ६ क्रमांकावर एकत्र बसलेले होते. त्यात मायक्रोवेव्ह शेगडी याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास काम करते, त्यामुळे सूनबाई संध्याकाळी दूध तापवत असताना फुल्यांची रांग लागे. कपाटामागून राउटर काढून उंचावर ठेवला आणि चॅनेल १ लावले, तेव्हा फुल्या निम्म्या झाल्या. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा असतो खरा, पण दगडी भिंतीपुढे त्याचा जीव लहान. शेवटी चौदा मीटरची लॅन केबल दाराच्या चौकटीवरून, पडद्याच्या दांडीमागून ओढून स्ट्रीमर थेट राउटरला जोडला. दिसायला ती बरी दिसत नाही आणि घरात त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली. परंतु ज्यांना शक्य आहे त्यांनी घरभर वाय-फाय पसरवणारे महागडे मेश संच घेण्याआधी काही दिवस अशी केबल जमिनीवरून का होईना टाकून पाहावी. तिच्याने त्रास गेला तर दोष वाय-फायचा हे ठरते. नाही गेला तर मेश संचाचे पैसे वाचतात.

माझा त्रास पूर्ण गेला नाही. केबल घातल्यावर राउटरला पाठवलेल्या हजार पिंगपैकी एकही हरवले नाही, पण बाहेरच्या पत्त्याकडच्या हजारांपैकी तेवीस हरवली. म्हणजे दुसरा दोष चौकटीच्या पलीकडे होता. तो वेळेशी जुळत नव्हता. कधी भर दुपारी, कधी रात्री, आणि कधी सलग दोन दिवस काहीच नाही. वही पुन्हा पुन्हा चाळताना लक्षात आले की ज्या संध्याकाळी वळवाचा वारा सुटला आणि गच्चीवरचे कपडे पळत जाऊन काढावे लागले, त्याच संध्याकाळी वहीत गोल जास्त आहेत. फायबरच्या पेटीच्या, म्हणजे ओएनटीच्या माहितीच्या पानावर तिला मिळणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. सर्वसाधारण घरगुती फायबरमध्ये ही पेटी उणे २७ डीबीएमपर्यंतचा मंद प्रकाश वाचू शकते; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश मंद. माझ्याकडे उणे २७.४ दिसत होते आणि वारा सुटला की आकडा आणखी घसरत होता. हे आकडे वेळेसह लिहून, पानाचा फोटो जोडून तक्रार केली, तेव्हा मात्र वेग मोजणारा मुलगा न येता जोडकाम करणारा माणूस आला. शेजारच्या कठड्यावर फायबर तारेने करकचून बांधलेली होती आणि वाऱ्याने ती तिथेच मुडपत होती. त्याने तो तुकडा काढून नवा जोड दिला. पातळी उणे २०.८ वर आली, म्हणजे आधीच्या साडेचारपट प्रकाश, आणि हजार पिंगमध्ये एकही हरवले नाही. काम अर्ध्या तासाचे होते. त्यापूर्वी मी जवळपास अडीच महिने वेगाविषयी बोलत बसले होते, हे विशेष. नंतर मी परत शंभरच्या प्लॅनवर आले.

जो दोष घरातही नाही आणि कंपनीच्या तारेतही नाही, तोही ओळखता यायला हवा, नाहीतर माणूस उगाच घरातली केबल बदलत बसतो. लाल समुद्रातील जेद्दाजवळच्या केबल सप्टेंबर २०२५ मध्ये तुटल्या, तेव्हा मुंबईत उतरणाऱ्या दोन केबलनाही तो फटका बसला आणि पश्चिमेकडची वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हाही आपल्याकडे असेच झाले होते. अशा वेळी युरोपातली सगळी केंद्रे एकदम अडखळतात आणि ‘रागम’ मात्र सुरळीत चालते. म्हणून एक केंद्र तुटले की त्याच देशातले दुसरे आणि भारतातले तिसरे लावून पाहावे. पाच मिनिटांत अर्धे उत्तर मिळते. फक्त एकच केंद्र तुटत असेल तर दोष त्या केंद्राचा आहे असे धरून दोन दिवस वाट पाहावी.

जुन्या पेट्यांची गोष्ट आणखी निराळी. काही पेट्यांची एका दमात मजकूर स्वीकारण्याची मर्यादा फार लहान असते. ती समजा १६ किलोबाइट असेल आणि निरोप जाऊन यायला पाव सेकंद लागत असेल, तर सेकंदाला ६४ किलोबाइटपेक्षा जास्त काही त्या पेटीत शिरणारच नाही, मग घरात जोडणी एक गिगाबिटची का असेना. १२८ आणि ३२० केबीपीएस त्यातून आरामात जातात. अमेरिकेतून येणारे फ्लॅक, ज्याला सेकंदाला ११२ किलोबाइट लागतात, ते दर काही सेकंदांनी अडते. तिथे खालचा दर्जा निवडणे हाच उपाय. दुसरे असे की अनेक पेट्या केंद्रांची यादी स्वतः ठेवत नाहीत, ती एखाद्या परक्या सूचीसेवेकडून घेतात. ‘रेसिव्हा’ ही सूचीसेवा २०२१ मध्ये बंद झाली तेव्हा जगभरातल्या कितीतरी धडधाकट पेट्यांमधली यादीच गेली. बीबीसीने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये आपल्या जुन्या पद्धतीची काही प्रक्षेपणे बंद केली आणि एचएलएस पद्धत पुढे आणली, तेव्हाही ती पद्धत न समजणाऱ्या पेट्यांवर ती केंद्रे लागेनाशी झाली. अशी पेटी दुरुस्तीला टाकणाऱ्यांचे पैसे वाया जातात. एचएलएसमध्ये प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते, म्हणून तिथे बिघाडही वेगळा ऐकू येतो: सलग वाजता वाजता एखादा तुकडा गळतो आणि निवेदक एका वाक्याच्या मधून दुसऱ्या वाक्याच्या मध्ये जातो, किंवा तेच वाक्य दोनदा बोलतो.

एका प्रकारच्या दोषाविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण तो मला माझ्या नोकरीतून ओळखीचा होता. केंद्रावर आवाजाचे आकडे बनवणारे यंत्र एका स्फटिकाच्या घड्याळावर चालते, आणि आपल्या स्ट्रीमरमधले ते आकडे वाजवणारे यंत्र दुसऱ्या स्फटिकावर. दोन्ही घड्याळे उत्तम असली तरी हुबेहूब सारखी नसतात. त्यांच्यात दहा लाखांत शंभर एवढा फरक असला, तर तासाला ०.३६ सेकंद एवढी तूट पडते. आपली पेटी किंचित घाईने वाजवणारी असेल, तर चार सेकंदांची शिलक सुमारे अकरा तासांत संपते. कुठेही पाकीट हरवलेले नसते, सिग्नल उत्तम असतो, आणि तरी पहाटे लावलेला रेडिओ संध्याकाळी एक उचकी देतो व पुढे पुन्हा तसाच चालतो. आमच्या डिजिटल एक्स्चेंजमध्येही हेच होत असे. दोन एक्स्चेंजांची घड्याळे एकमेकांशी जुळवलेली नसली की ठरावीक काळाने आवाजाची एक चौकट, म्हणजे सेकंदाचा आठ हजारावा भाग, गळून पडे किंवा दोनदा जाई. बोलणाऱ्याला ते कळत नसे, पण फॅक्सच्या कागदावर रेघ उमटे. त्यासाठी देशभरातल्या एक्स्चेंजांना वरून एकच घड्याळ पुरवले जाई. रेडिओ केंद्र आणि श्रोता यांच्यात असे समाईक घड्याळ नाही. चांगली पेटी आपली गती किंचित कमी-जास्त करून हा फरक गिळून टाकते, साधी पेटी उचकी देते. ज्यांचा रेडिओ दिवसातून एक-दोनदाच आणि नेहमी साधारण तेवढ्याच तासांनी तुटतो, त्यांनी सकाळी एकदा केंद्र बंद करून पुन्हा लावावे आणि कोणालाही तक्रार करू नये. फक्त बरोबर चोवीस तासांनीच तुटत असेल तर संशय राउटरच्या पत्तेवाटपावर, म्हणजे तो घरातल्या प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी जो नेटवर्कचा पत्ता देतो त्यावर, घ्यावा आणि स्ट्रीमरला कायमचा पत्ता राखून द्यावा.

विजेचे तर आपल्याकडे सांगायलाच नको. वीज गेली की इन्व्हर्टर घर सांभाळतो, पण राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर आणि ओएनटी साध्या प्लगवर अशी जोडणी मी दोन नातेवाइकांकडे पाहिली. दोन्ही एकाच ठिकाणी असावेत, आणि इन्व्हर्टर चालू होतानाच्या झटक्यात राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर बारा व्होल्टची छोटी यूपीएस पेटी मध्ये घालावी.

हे सगळे केवळ हौशी माणसांचे प्रश्न आहेत, असे कोणी म्हणेल. पण मध्यम लहरींची प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत, आणि ‘रागम’सारखी वाहिनी घरातल्या जुन्या ट्रान्झिस्टरवर लागत नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसाला रेडिओ ऐकायचा तर त्याला उद्या ही पेटी नाहीतर फोन घ्यावाच लागणार आहे. रेडिओ तुटू लागला की ती माणसे आपलेच काही चुकले असे समजून गप्प बसतात. माझ्या ओळखीच्या दोघांनी पेट्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या आहेत.

म्हणून दोन विनंत्या. पहिली सेवादात्या कंपन्यांना. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने सेवेच्या गुणवत्तेचे जे नियम केले आणि जे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, त्यांत वेगाबरोबर विलंब आणि पाकिटांची गळती यांचेही निकष आहेत. मग तक्रारीवर येणाऱ्या मुलाच्या हातात फक्त वेग मोजण्याचे ॲप का असते? त्याने ओएनटीवरची प्रकाशाची पातळी वाचावी, पाच मिनिटे पिंग लावून किती हरवले ते मोजावे, आणि दोन्ही आकडे तक्रारीच्या नोंदीवर लिहून द्यावेत. टेस्ट डेस्कवर आम्ही तारेचे मोजमाप लिहिल्याशिवाय तक्रार बंद करू शकत नव्हतो, आणि ते काम तेव्हा हाताने चालत होते.

दुसरी विनंती आपल्याला. पुरवणीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. निदान एवढे तरी छापावे की प्लॅन बदलण्याआधी राउटर आणि बाहेरचा पत्ता अशा दोन खिडक्यांत पिंग लावून पाहावे. माझ्या वहीत गेल्या सहा आठवड्यांत तीन गोल आणि एक फुली आहे. गोल तिन्ही वेळा वीज गेली तेव्हाचे आहेत. फुलीचे कारण अजून सापडलेले नाही, वही चालू आहे.

कळावे,
आपली एक वाचक,
मिरज